शाळेसमोरचे अकरा पट्टे

३ फेब्रुवारी, सोमवार

आज शाळा सुटताना मावशींना मोटारीने उडवलं. मावशी म्हणजे मुलीच्या शाळेतल्या शिपाईबाई. गळ्यात शिट्टी अडकवून त्या रोज पोरांना रस्ता ओलांडून देतात. एक पोरगी मधेच निसटलेली चप्पल घ्यायला वाकली, मावशी मोटारीला आडव्या गेल्या आणि चाक मावशींच्या पायावरून गेलं. डावा पाय दोन ठिकाणी मोडला. पोरीला खरचटलंसुद्धा नाही.

ती पोरगी आमची.

ही वही कचेरीतून मिळून तीन वर्षं झाली, कोरीच होती. आज उघडली, कारण घरात बोलायची सोय नाही. बायको माझ्याशी बोलत नाही आणि आई बोलायची थांबत नाही. दोघींचं म्हणणं एकच, की मी रस्ते विभागात वरिष्ठ लिपिक असून पोरीच्या शाळेसमोर साधे पादचारी पट्टे नाहीत. पट्ट्यांचा अर्ज सात वर्षं माझ्या टेबलावर आहे हे खरं. पण तो पडून आहे असं कोणी म्हणू नये. त्यावर चौदा शेरे आहेत, पैकी नऊ माझे.

४ फेब्रुवारी

त्या अर्जाची नस्ती काढून साहेबांपुढे ठेवली. साहेब म्हणाले, "अहो, परवाच आचारसंहिता लागली. निवडणुकीचा निकाल लागेपर्यंत नवीन काम घेता येत नाही."

"साहेब, अपघात झालाय."

"अपघाताला आचारसंहिता नसते हो. कामाला असते."

तसा शेरा मारला. पंधरावा.

संध्याकाळी जेवताना हे सांगितलं तर मेहुणा हसला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दोन दिवसांसाठी म्हणून आला त्याला आता चौदा महिने झाले. बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर आडवा पडून तो व्यवस्था उलथवत असतो. म्हणाला, "भावोजी, मत म्हणजे बाळाच्या तोंडातलं चोखणं. दूध येत नाही, फक्त रडणं थांबतं. सगळं मुळापासून उखडलं पाहिजे." मी म्हटलं, "आधी ताटातलं संपव." पण मुद्देसूद उत्तरही दिलं. आमच्या विद्यमान सदस्यांनी जाहीरनाम्यात शाळेसमोरचे पट्टे लिहिले आहेत. मागच्या वेळीही लिहिले होते, त्याच्या मागच्या वेळीही. याला सातत्य म्हणतात. त्यांच्या विरुद्ध जे इच्छुक उभे आहेत त्यांनी तर थेट भुयारी मार्ग लिहिला आहे. लोकशाहीत स्पर्धेमुळे दर्जा वाढतो तो असा.

आई भात कालवत होती. एकदम म्हणाली, "एक पट्टा किती रुंद असतो रे?"

"अर्धा मीटर."

"म्हणजे पावणेवीस इंच," म्हणाली आणि आमटी वाढायला उठली. तीस वर्षं कपडे शिवले तिने, अजून सगळं इंचातच मोजते.

९ फेब्रुवारी, रविवार

घरातलं वातावरण निवळलं आहे. आईला माझ्या कामात रस वाटू लागला, याचं बरं वाटतं. वडील होते तेव्हापासून आजवर तिने कधी विचारलं नव्हतं की तू दिवसभर करतोस काय. काल तिच्यासाठी कचेरीतून नियमपुस्तिका घरी आणली. पान त्रेपन्न, आकृतीसह. पट्टा अर्धा मीटर, मधली जागा अर्धा मीटर, लांबी तीन मीटर. आपल्या रस्त्याला अकरा पट्टे बसतात. भिंतीचा रंग चालत नाही, रस्त्याचा वेगळा मिळतो, तो अर्ध्या तासात वाळतो. कुठे मिळतो तेही तिने विचारलं. आमचा ठेकेदार घेतो त्या दुकानाचं नाव सांगितलं.

बायकोही येऊन बसली. ती मोटार चालवायला शिकवते, दहा वर्षं झाली. विचारत होती, "काम चालू असताना वाहनं अडवायची तर शंकू किती अंतरावर ठेवतात?" मी म्हटलं, अगं, तुझ्याकडे शिकवणीला डझनभर शंकू आहेत, तुला माहीत नाही? ती म्हणाली, "नियमाप्रमाणे किती ते विचारते आहे." नियमाप्रमाणे म्हटल्यावर मला भरून आलं.

मेहुणा पलंगावरून ओरडला, "तुम्ही लोक पट्टे मोजत बसा. इतिहास तुम्हाला ओलांडून जाईल."

"जपून जा म्हणावं त्याला," आई म्हणाली. "तिथे पट्टे नाहीत."

१६ फेब्रुवारी

विद्यमान दाराशी येऊन गेले. हात जोडलेले होतेच. मागे वीसेक माणसं. आईने विचारलं, "पट्ट्यांचं काय?" ते म्हणाले, "आजी, शब्द आहे माझा." आई म्हणाली, "मागचा शब्द अजून तसाच आहे, वापरला नाही." सगळे हसले, तेही हसले. दिलदार माणूस.

तासाभराने इच्छुक आले. भुयारी मार्गाचं चित्र दाखवलं. चित्रात कुंड्या होत्या.

मुलीला शाळेत आता बायको गाडीने सोडते आणि आणते. रस्ता ओलांडायचा म्हटलं की पोरगी माझं बोट इतकं घट्ट धरते की दुखतं. मी तिला समजावलं की सगळं निकालापर्यंत आहे. "मग निकालापर्यंत मी कुठे उभी राहू?" म्हणाली. लहान मुलांना प्रक्रिया समजत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार. मतदान

पहाटेपासून ग्रंथालयातल्या केंद्रावर होतो. माझ्याकडे बोटाला शाई लावायचं काम. एकूण सहाशे बारा बोटं. कंबर मोडली, पण मन भरून आलं. रस्ते ओस, पोलीस सगळे केंद्रांवर, शहर कसं शांत. एवढा मोठा बदल घडतो आणि कुठे खट्ट होत नाही, हेच मतदानाचं सौंदर्य. मेहुण्याने बहिष्कार टाकला होता. त्यासाठी तो दुपारी दोनपर्यंत उठला नाही.

आई सकाळी सातला "मतदानाला जाते" म्हणून घरातून निघाली होती म्हणे, ती केंद्रावर आली पावणेपाचला. घाम, डोक्याला फडकं, गुडघ्यावर हात ठेवून चालत होती. मी म्हटलं, "इतका उशीर?" म्हणाली, "वाटेत काम निघालं." बोट पुढे केलं. नखांत, सुरकुत्यांत पांढरं भरलं होतं. कुठल्यातरी ओल्या भिंतीला टेकली असणार. शाई नीट बसेना, तीनदा लावावी लागली. मागून बायको आली, तिचेही हात तसेच. शिकवणीच्या गाडीला बायको स्वतः हात लावते, मी किती वेळा सांगितलं आहे की ते नोकराचं काम आहे.

दोघींनी मत दिलं आणि एकमेकींचा हात धरून घरी गेल्या. सासू-सुनेचा असा एकोपा कमी घरांत असेल.

२४ फेब्रुवारी

शाळेसमोर पट्टे आहेत!

सकाळी मुलीला सोडायला गेलो तर समोर अकरा पांढरे शुभ्र पट्टे. वाहनं थांबत होती, पोरं चालत होती. माझी पोरगी माझं बोट सोडून पलीकडे गेली आणि तिथून मला हात केला.

मला वाटलं, विभागाने केलं. कचेरीत पोचलो तर साहेब लाल झालेले. विभागाने केलेलं नाही! विद्यमानांची तक्रार: इच्छुकांनी मतदारांना भुलवण्यासाठी पट्टे काढले. इच्छुकांची तक्रार: विद्यमानांनी सरकारी यंत्रणा वापरून पट्टे काढले. दोघांनीही पट्ट्यांचे फोटो जोडले होते.

"पुसून टाकायचे का साहेब?"

"वेडे आहात का? पुसणं हेही नवीन कामच. निकालापर्यंत हात लावता येणार नाही." मग म्हणाले, "तुमची पोरगी त्या शाळेत आहे ना? परिसर माहितीचा. चौकशी अधिकारी तुम्ही."

एकोणीस वर्षांच्या नोकरीत मला पहिल्यांदा कोणी अधिकारी म्हटलं.

२५ फेब्रुवारी

प्रत्यक्ष पाहणी केली. पट्टे मोजले. रुंदी अर्धा मीटर, मधली जागा अर्धा मीटर, लांबी तीन मीटर, तंतोतंत पान त्रेपन्न. सातवा पट्टा केसभर तिरका आहे, बाकी ओळंब्यात. आमच्या ठेकेदाराला अशी रेघ जन्मात जमली नाही. गुन्हेगार तज्ज्ञ आहे आणि त्याच्याकडे नियमपुस्तिका आहे, असं नोंदवलं.

कोपऱ्यावरच्या टायरवाल्याचा जबाब: "दोन बायका होत्या, नारिंगी जॅकेट घातलेल्या. शंकू लावून अर्धा अर्धा रस्ता अडवला होता. एक म्हातारी खडूने आखत होती आणि हुकूम सोडत होती. तिसरी बाई खुर्चीत बसून शिट्टी मारत होती, पायाला प्लास्टर. मला आधी वाटलं सरकारी माणसं असतील. पण चहाला गेलीच नाहीत, तेव्हाच शंका आली."

प्लास्टरचा धागा पकडून मावशींकडे गेलो. त्या म्हणाल्या, "या पायाने मी कुठे जाणार हो?" हे पटण्यासारखं होतं. प्लास्टर तीन आठवड्यांचं जुनं असूनही नुकतं रंगवल्यासारखं पांढरं होतं. दवाखान्याची स्वच्छता वाखाणण्यासारखी आहे.

घरी आलो तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, मला काहीच माहीत नाही आणि मी काहीच सांगणार नाही." मी तिला जवळ घेतलं. माझ्या कामाचा ताण पोरीवर येतो आहे.

२७ फेब्रुवारी

आज मनात एक भयंकर विचार आला आणि तो जात नाही. नियमपुस्तिका कोणाच्या घरात होती? माझ्या. व्यवस्था उलथवायची भाषा कोण करतं? मेहुणा. बायका त्याने भाड्याने आणल्या असतील.

त्याला गच्चीवर नेऊन सरळ विचारलं. त्याने आकाशाकडे पाहिलं. मग म्हणाला, "भावोजी, काही गोष्टी बोलायच्या नसतात. घडायच्या असतात." मी म्हटलं, "म्हणजे तू?" तो म्हणाला, "मी म्हणजे एक माणूस नव्हे. मी म्हणजे एक विचार." संध्याकाळी तो कोपऱ्यावर चार मित्रांना तेच सांगत होता आणि ते त्याच्या पाठीवर थाप मारत होते.

घरचा माणूस. पण मी अधिकारी आहे.

२८ फेब्रुवारी

अहवाल दिला. अकरा पानं. संशयित म्हणून त्याचं नाव लिहिलं. बायकोला सांगितलेलं नाही.

१ मार्च

निकाल. इच्छुक विद्यमान झाले आणि विद्यमान इच्छुक झाले. बाकी बदल नाही.

३ मार्च

शाळेच्या कुंपणावर मोठा फलक लागला. नव्या विद्यमानांचा हसरा चेहरा, खाली लिहिलं आहे: "सत्तेआधीच करून दाखवलं!" फलकामुळे वळणावरची वाहनं दिसत नाहीत, पण पट्टे आहेत म्हणून निभावतं.

जुन्या विद्यमानांनी, म्हणजे आताच्या इच्छुकांनी, माझ्या अहवालाची प्रत मिळवून पोलिसांत दिली. म्हणे पट्टे नव्यांनी काढलेलेच नाहीत, संशयित अमुक अमुक. कोणी दिली प्रत? साहेब माझ्याकडे बघत नव्हते.

४ मार्च

दुपारी पोलीस मेहुण्याला घेऊन गेले. तो पलंगावरच होता.

बायको चौकीत जाऊन आली. तिथे तो विचार वगैरे काही म्हणाला नाही. म्हणाला, "मी झोपलो होतो साहेब. ताईला विचारा. मी रोजच झोपतो." ते त्याला तरीही सोडेनात, लेखी हवं म्हणाले.

मग बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "माझ्या भावाचं नाव तुम्ही लिहिलंत?"

"पुरावा तसा होता."

"पुरावा आठवडाभर गच्चीत दोरीवर वाळत होता. नारिंगी रंगाचा. त्याच्याखालून वाकून तुम्ही तुमचा टॉवेल घेत होतात."

मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? तूच शिकवलंस."

याउपर लिहिण्यासारखं काही नाही. मला खरंच कळलं नव्हतं का? हे मी स्वतःला विचारलं. कळलं असतं तर लिहावं लागलं असतं, म्हणून कळलं नाही, असं मला वाटतं. ते नाव लिहिलं याचं कारणही तेच. त्याला कोणी धरणार नाही असं मी धरून चाललो होतो. आजवर माझ्या टेबलावरून गेलेल्या कुठल्याच कागदाने काही घडलं नव्हतं.

५ मार्च

आई सकाळी कचेरीत आली, थेट साहेबांच्या खोलीत. मी मागे मागे.

"पट्टे मी काढले," ती उभ्यानेच म्हणाली. "त्या पोराला सोडा. त्याच्या हातून चादरीची घडी होत नाही."

साहेब उठले, स्वतः खुर्ची दिली. "आजी, तुमचा काहीतरी गैरसमज आहे. पट्टे आमच्या विभागाने काढले."

"कधी?"

"आचारसंहिता लागायच्या आदल्या दिवशी. तसा कागद आहे. नव्या सदस्यांच्या पाठपुराव्याने."

"मग तेवीस तारखेला माझ्या गुडघ्यांना काय झालं?"

साहेब घाम पुसत म्हणाले, "आजी, समजून घ्या. त्यांचा फलक लागलाय. तुम्ही काढले म्हटलं तर ते खोटे पडतात, आम्ही झोपलेले ठरतो आणि बेकायदा म्हणून पट्टे पुसावे लागतात. कोणीच काढले नाहीत तर सगळे सुटतात. तुमचं पोरगंही आत्ता सुटेल, मी फोन करतो." माझ्या अकरा पानांवर त्यांनी माझ्यादेखत शेरा मारला: दप्तरी ठेवावे.

आई खुर्चीत टेकली. तिच्या हातांची चुळबुळ मी पाहत होतो. शिवणाच्या दुकानातल्या मालकिणीने तिने बेतलेला कपडा स्वतःचा म्हणून गिऱ्हाइकाला दाखवला की ती घरी येऊन अशीच बसायची.

"पट्टे राहणार ना?"

"आता कोणाची छाती आहे हात लावायची?"

"मग लावा त्यांचं नाव. सातवा जरा तिरका गेलाय, तोही त्यांच्याच नावावर लावा."

साहेब हसले. सुटका झाल्यासारखे हसले. मग आईने पिशवीतून एक कागद काढला. दवाखान्यासमोर पादचारी पट्टे मिळण्याबाबत विनंती अर्ज, स्वच्छ अक्षरात, बायकोच्या. साहेबांनी तो माझ्याकडे सरकवला. मी शिक्का मारला, आवक क्रमांक घातला.

"किती दिवस लागतील?" आईने मला विचारलं. घरी बोलते तसं नाही, खिडकीपलीकडची माणसं विचारतात तसं.

मी नेहमीचं सांगितलं. पाहणी, टिपणी, मंजुरी, निविदा.

"बरं," ती उठत म्हणाली. "मी रविवारपर्यंत थांबते."

७ मार्च

मेहुण्याला नव्या विद्यमानांनी बोलावून घेतलं. पट्ट्यांविषयी तोंड बंद ठेवायचं, त्याबदल्यात तो आता त्यांचा युवा समन्वयक आहे. ओळखपत्र मिळालं. पलंग रिकामा झाला. जाताना म्हणाला, "भावोजी, व्यवस्था आतूनच बदलावी लागते." पोलिसांनी अर्धा दिवस बसवून ठेवलं तेवढ्यात एवढी प्रगल्भता आली.

बायको अजून कामापुरतंच बोलते. तिचं बरोबर आहे.

संध्याकाळी आईला विचारलं, "तुला हेच करायचं होतं तर मत दिलंस कशाला? आणि त्या दिवशी, त्या अवस्थेत?"

ती कणीक मळत होती. म्हणाली, "कपडे लाँड्रीत टाकले म्हणून ते परत येईपर्यंत उघडं बसायचं का?"

"मग लाँड्रीत टाकायचेच कशाला?"

"सगळं घरी धुवायला मला किती हात आहेत?" थोड्या वेळाने म्हणाली, "आणि तसेही ते फाडूनच आणतात. म्हणून पावती जपून ठेवायची."

कोणाला मत दिलंस ते तिने सांगितलं नाही. ते गुप्त असतं म्हणाली. नियमाप्रमाणे.

९ मार्च, रविवार

दवाखान्यासमोरचा रस्ता शाळेसमोरच्यापेक्षा रुंद आहे, तेरा पट्टे. मी नकाशा आधीच पाहिला होता, असं सकाळी चहा घेताना बोलून गेलो. बायकोने तिसरं जॅकेट माझ्या खुर्चीवर टाकलं. मला ते पोटावर आवळतं.

पुढचं स्पष्ट नोंदवून ठेवतो. मी ब्रशला हात लावलेला नाही. रंगाच्या डब्याला लावलेला नाही. मी फक्त दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभा होतो. आई मागे गुडघ्यांवर रांगत आखत होती. मावशी खुर्चीतून शिट्टी मारत होत्या आणि बायको रंग भरत होती. दवाखान्यातून सुटलेली माणसं कडेला उभी राहून बघत होती. एक म्हातारा विचारत होता, "हे कोणत्या पक्षाचे?"

सहाव्या पट्ट्याला एक मोठा ट्रक आला. हॉर्न वाजवला. मी हललो नाही. ड्रायव्हरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"ए साहेब! कोणाच्या हुकमाने अडवलंय?"

एकोणीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर मला पाठ आहे. परिपत्रकाचा क्रमांक, दिनांक, कलम. तोंडाशी आलंही. मी मागे वळून पाहिलं.

"आईच्या," म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.